उतारवयातील मोटर न्यूरॉन आजार : जगातील चित्र आणि घरातील काळजी

साठी-सत्तरीतल्या माणसाच्या पायातून चप्पल निसटू लागली, शर्टाचे बटण लागेनासे झाले किंवा बोलणे जड झाले, की आपण वयाला दोष देतो. बहुतेक वेळा कारण दुसरेच निघते : मणक्याची झीज, मधुमेह, कधी पक्षाघात. काही जणांना मात्र मोटर न्यूरॉन आजार असतो. मेंदूकडून मज्जारज्जूत आणि तिथून स्नायूंपर्यंत हालचालीचा आदेश नेणाऱ्या चेतापेशी या आजारात हळूहळू नष्ट होतात. आदेश न मिळाल्याने स्नायू दुबळे होतात, रोडावतात, कातडीखाली फडफडताना दिसतात. (नुसते मांस उडते, पण ताकद शाबूत आहे, तर सहसा घाबरण्याचे कारण नसते.) याचा सर्वाधिक आढळणारा प्रकार म्हणजे एएलएस.

जगात किती रुग्ण?

आजारांच्या ओझ्याचा जागतिक आढावा घेणाऱ्या अभ्यासानुसार २०१६ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख ३१ हजार लोकांना हा आजार होता, म्हणजे दर लाखामागे साधारण साडेचार. त्या वर्षी सुमारे ३४ हजार जण दगावले. रुग्णसंख्या कमी दिसते याचे एक कारण क्लेशदायक आहे : लक्षणे सुरू झाल्यापासून बरेच रुग्ण २ ते ४ वर्षेच जगतात, त्यामुळे कोणत्याही एका वेळी हयात रुग्ण थोडेच असतात. उत्तर अमेरिका, पश्चिम युरोप आणि ऑस्ट्रेलियात प्रमाण जास्त आहे. यात आनुवंशिकतेचा वाटा असावा, तसाच चांगल्या नोंदींचा आणि सहज भेटणाऱ्या मेंदूविकारतज्ज्ञांचाही.

हा आजार ६० ते ७५ या वयात सर्वाधिक सुरू होतो. त्यामुळे जग म्हातारे होईल तसे रुग्ण वाढणार. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार २०१५ ते २०४० या काळात एएलएसचे रुग्ण सुमारे ६९ टक्क्यांनी वाढतील, आणि ही वाढ विकसनशील देशांत अधिक असेल. आजार जास्त आक्रमक झालेला नाही. त्या वयापर्यंत पोहोचणारी माणसे वाढत आहेत, इतकेच.

स्टीफन हॉकिंग यांचे उदाहरण नातेवाईक हमखास देतात. त्यांचे निदान १९६३ मध्ये, वयाच्या २१व्या वर्षी झाले आणि ते ७६ वर्षे जगले. हा अत्यंत विरळा अपवाद आहे. वय जास्त असताना सुरू झालेला आजार सहसा वेगाने वाढतो, आणि वृद्धांमध्ये त्याची सुरुवात बोलण्या-गिळण्यापासून होण्याचे प्रमाणही जास्त असते.

निदानाला उशीर का होतो?

निदान पक्के करणारी एकच अशी तपासणी नाही. पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत साधारण वर्ष जाते. साठीनंतर मानेच्या एमआरआयमध्ये झीज जवळजवळ प्रत्येकाला दिसते, आणि सगळा दोष तिच्यावर ढकलला जातो. हातापायाची ताकद सतत कमी होत असेल, पण मुंग्या, बधिरपणा किंवा वेदना फारशा नसतील, तर मणक्याच्या शस्त्रक्रियेला होकार देण्याआधी मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा आणि ईएमजी करावी का, हे विचारा.

हा आजार संसर्गजन्य नाही. सुमारे ५ ते १० टक्के रुग्णांतच तो कुटुंबात चालत आलेला असतो.

उपचार आणि घरातील काळजी

आजार बरा करणारे औषध अजून नाही. १९९५ पासून वापरात असलेल्या रिलुझोलने आयुष्य सरासरी काही महिन्यांनी वाढते. ते चालू असताना यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात. श्वासाचे स्नायू थकू लागल्यावर रात्री मास्कने हवा देणारे बायपॅप यंत्र वापरल्यास अनेकांना अधिक आयुष्य आणि चांगली झोप मिळते. आडवे झाल्यावर दम लागणे, सकाळी डोके दुखणे, दिवसा गुंगी येणे ही त्याची वेळ आल्याची चिन्हे आहेत.

इथे एक धोका लक्षात ठेवा. दम लागला म्हणून घरचे लोक ऑक्सिजन सिलिंडर आणतात. या रुग्णांची अडचण हवा आत-बाहेर करण्याची असते. नुसत्या ऑक्सिजनने रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून गुंगी वाढू शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो लावू नका.

गिळताना सर्वांत जास्त ठसका पातळ पाण्याने लागतो, आणि चुरमुरे, फरसाण यांसारख्या कोरड्या पदार्थांनी. मऊ खिचडी, घट्टसर पेज, दही-भात सोपे जातात. बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून, छोटे घास द्या. वजन घटू लागल्यास पोटातून अन्ननळी बसवण्याचा निर्णय लवकर घ्यावा. श्वास फार कमजोर झाल्यावर ती बसवणे जोखमीचे होते.

काही रुग्णांना अकारण रडू किंवा हसू फुटते, काहींचा स्वभाव बदलतो. हाही आजाराचाच भाग आहे. त्यांना रागावू नका.

व्हेंटिलेटरवर ठेवायचे की नाही, हा प्रश्न अतिदक्षता विभागाच्या दारात, मध्यरात्री, मुलांवर सोडू नये. रुग्णाला स्पष्ट बोलता येत असतानाच त्याची इच्छा विचारा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशी इच्छा आधी लिहून ठेवण्यास मान्यता दिली आणि २०२३ मध्ये तिची पद्धत सोपी केली : दोन साक्षीदारांसमोर सही, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन. त्याची एक प्रत उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे द्या.