शेठ वालचंद हिराचंद आणि महाराष्ट्र चेंबर : संघटित व्यापाराचा वारसा

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी व्यापाराच्या इतिहासावर काही लिहावे, अशी सूचना झाली तेव्हा प्रथम संकोच वाटला. राजूरच्या बाजारपेठेत कापड मोजण्यात उभे आयुष्य गेलेला मी एक सामान्य दुकानदार. संगमनेरला बी.कॉम.पर्यंत शिकलो, त्यामुळे 'वाणिज्य संघटना' हा विषय परीक्षेपुरता पाठ केला होता. त्याचा खरा अर्थ मात्र पुढे एकदा तोटा सोसल्यावर कळला. तो प्रसंग ओघात येईलच. आधी इतिहासाकडे वळू, कारण आपल्याच समाजातील एका थोर पुरुषाने सुमारे शंभर वर्षांपूर्वी जे कार्य उभे केले, त्याची ओळख आपल्या नव्या पिढीला फारशी नाही.

परदेशाशी व्यापार ही मुंबईकरांची गोष्ट, खेड्यातील दुकानदाराचा तिच्याशी काय संबंध, असा आपला समज असतो. हा समज किती चुकीचा आहे ते आपल्या नगर जिल्ह्याच्याच इतिहासावरून दिसते. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. तेथील कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. दख्खनच्या खेड्यापाड्यांतून पैसा खेळू लागला व शेतकऱ्याला कर्जही सहज मिळू लागले. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, कर्जे मात्र राहिली. त्यातच नव्या पाहणीने शेतसारा वाढला. अखेर १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी असंतोषाचा भडका उडाला आणि तो लवकरच नगर जिल्ह्यात पसरला. कर्जदारांनी सावकारांची खतपत्रे हिसकावून जाळली. ज्यांच्या पेढ्यांवर हे संकट आले, त्यांत मारवाडी व गुजराती कुटुंबे बहुसंख्य होती. त्याही आधी, आपल्याच तालुक्यातील देवगावचे आद्य क्रांतिकारक राघोजी भांगरे यांच्या उठावात इंग्रजांबरोबर सावकारीविरुद्धचाही रोष होता. १८४८ मध्ये ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आले.

हा इतिहास आपल्याला सुखावणारा नाही, म्हणून तो स्मरणिकांतून बहुधा वगळला जातो. परंतु त्यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक, हजारो कोसांवरच्या बाजारातील चढउतार आपल्या गावच्या वहीपर्यंत येऊन पोहोचतात. दुसरी, एकट्या पेढीला हे चढउतार ना आधी कळतात, ना झेलता येतात. बाजाराची खबर देणारी, सरकारपुढे गाऱ्हाणे मांडणारी आणि व्यापाऱ्यालाही चार नियम घालून देणारी संस्था त्या काळी आपल्या भागात नव्हती. शेतकरी एकटा होता आणि व्यापारीही एकटाच होता.

अशा संस्था अन्यत्र मात्र होत्या. व्यापाऱ्यांच्या 'चेंबर'ची परंपरा फ्रान्समधील मार्सेय बंदरात १५९९ साली सुरू झाली, असे मानले जाते. मुंबईत १८३६ साली 'बॉम्बे चेंबर ऑफ कॉमर्स' स्थापन झाली, पण तिच्यावर युरोपीय व्यापाऱ्यांचे वर्चस्व होते. हिंदी व्यापाऱ्यांनी आपली 'इंडियन मर्चंट्स चेंबर' उभी केली ती १९०७ मध्ये. तिचे पहिले अध्यक्ष मनमोहनदास रामजी हे कापड व्यापाऱ्यांचेच पुढारी होते, याचा माझ्यासारख्या कापडवाल्यास विशेष आनंद वाटतो. मात्र मुंबई शहराबाहेरच्या मराठी मुलखातील व्यापाऱ्याला आवाज नव्हता. तो मिळवून देण्याचे श्रेय शेठ वालचंद हिराचंद दोशी यांच्याकडे जाते.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे एका दिगंबर जैन कुटुंबात झाला. मूळ गुजरातेतील हे घराणे सोलापुरात स्थिरावले होते. वडील हिराचंद नेमचंद हे व्यापारी तर होतेच, शिवाय 'जैन बोधक' या नियतकालिकाशी त्यांचे नाव जोडलेले आहे. वालचंदांचे मन मात्र घरच्या पेढीत रमले नाही. लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत त्यांनी रेल्वेची कंत्राटे घेतली आणि पुढे बोगदे, पूल व धरणे बांधली. नाशिक जिल्ह्यात रावळगाव आणि पुणे जिल्ह्यात वालचंदनगर येथे साखर कारखाने उभारून माळरानाचे रूप पालटले. आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी चघळलेल्या रावळगावच्या गोळ्या याच उद्योगातल्या!

त्यांच्या जीवनाला कलाटणी मिळाली ती जहाजधंद्यामुळे. नरोत्तम मोरारजी प्रभृतींच्या साहाय्याने १९१९ मध्ये त्यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. ग्वाल्हेर संस्थानाकडून घेतलेले 'लॉयल्टी' हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाले. हा दिवस आज 'राष्ट्रीय सागरी दिन' म्हणून पाळला जातो. परंतु पुढची वाट खडतर होती. लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश कंपनीने मालवाहतुकीचे दर पाडून सिंदियाला जेरीस आणले. ज्याची थैली मोठी तो तोटा सोसून दुसऱ्याला बुडवू शकतो, हे साधे गणित होते. १९२३ मध्ये सिंदियाला नाइलाजाने करार करावा लागला आणि त्याने तिच्या वाढीला मर्यादा घातल्या. भांडवल व जिद्द या दोन्ही गोष्टी असूनही एकटा उद्योजक परकीय सत्तेच्या बाजारात टिकत नाही, हा धडा वालचंदांना येथे मिळाला असावा.

त्याच सुमारास दुसरा वाद पेटला होता, तो रुपयाच्या किमतीचा. एक रुपया म्हणजे १६ पेन्स असावा, अशी हिंदी व्यापाऱ्यांची मागणी होती. १९२६ च्या हिल्टन यंग आयोगाने १८ पेन्सची शिफारस केली आणि १९२७ मध्ये तसा कायदा झाला. दोन पेन्सचा फरक तो काय, असे कोणी म्हणेल. पण कापडाच्या दुकानात बसून हिशेब करावा. १६ पेन्सच्या दराने एका पौंडाचे विलायती कापड १५ रुपयांना पडत होते. तेच १८ पेन्सच्या दराने १३ रुपये ५ आणे ४ पैला पडू लागले. म्हणजे विलायती माल बसल्या जागी स्वस्त झाला आणि देशी गिरणीचा माल त्या मानाने महाग ठरला. उलट परदेशी जाणाऱ्या कापसाचे शेतकऱ्याला तेवढेच कमी रुपये मिळू लागले. देशी गिरण्यांच्या कापडावर १८९६ पासून लादलेला साडेतीन टक्क्यांचा अबकारी कर नुकताच रद्द झाला होता. त्या दिलाशावर या निर्णयाने पाणी फिरवले.

अशा वातावरणात १९२७ साली 'महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स' जन्मास आली. आपल्या परिसरातील वाचकांना काळाची खूण सांगायची तर, भंडारदऱ्याच्या धरणाचे उद्घाटन डिसेंबर १९२६ मध्ये झाले आणि त्याच्या पुढच्याच वर्षी ही संस्था निघाली. देशपातळीवरील 'फिक्की' हा महासंघही घनश्यामदास बिर्ला व पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांच्या पुढाकाराने त्याच वर्षी स्थापन झाला. वालचंद १९३२-३३ साली त्याचे अध्यक्ष होते. पुण्यात १९३४ मध्ये आ. रा. भट यांच्या पुढाकाराने 'मराठा चेंबर' उभी राहिली. तिचे 'संपदा' मासिक आम्ही महाविद्यालयाच्या ग्रंथालयात चाळत असू. महाराष्ट्र चेंबरने पुढे आपल्या नावात उद्योगाबरोबर शेतीचाही समावेश केला, हे मला फार महत्त्वाचे वाटते. १८७५ च्या जखमेवरचे हेच खरे औषध आहे. पिकवणारा, बनवणारा आणि विकणारा एकाच छताखाली बसल्यावाचून बाजार निकोप राहत नाही.

आता आंतरराष्ट्रीय सहकार्याकडे येऊ. पहिल्या महायुद्धाच्या संहारानंतर १९१९ मध्ये अमेरिकेतील अटलांटिक सिटी येथे काही देशांचे व्यापारी एकत्र आले आणि 'इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्स'चा पाया घातला गेला. तिचे मुख्यालय पॅरिसला आहे. तिचे संस्थापक स्वतःला 'शांततेचे व्यापारी' म्हणवीत. १९२३ मध्ये तिने व्यापारी तंट्यांसाठी लवाद न्यायालय सुरू केले. १९३३ मध्ये बँकांच्या पतपत्रांचे समान नियम झाले. मालाची जबाबदारी विकणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे नेमकी कोठे जाते, हे ठरविणाऱ्या 'इन्कोटर्म्स' १९३६ मध्ये आल्या. भारताची राष्ट्रीय समिती १९२९ पासून या संस्थेशी जोडलेली आहे. अनेकान्ताची शिकवण ज्यांना घरातच मिळाली, त्या आपल्याला या कार्याचे मर्म लवकर समजावे. दोन पक्षांचे म्हणणे ऐकून तडजोडीने तंटा मिटविणे ही आपल्या पंचांची जुनीच रीत आहे.

सभा-संमेलने व भेटीगाठी यांनी काय साधते, असे अनेक व्यवहारी माणसे विचारतात. त्यांना वालचंदांचेच उदाहरण सांगावे. १९३९ मध्ये एका विमानप्रवासात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन विमान-उद्योजकाशी गाठ पडली. त्या संभाषणातून भारतात विमाने बनविण्याची कल्पना पुढे आली आणि डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची स्थापना झाली. आजच्या 'एचएएल'चे मूळ ते हेच. ती भेट योगायोगाची होती. असे योगायोग ठरवून घडवून आणणे, हेच चेंबरच्या मेळाव्यांचे प्रयोजन. परदेशी शिष्टमंडळे, खरेदीदार व विक्रेत्यांच्या बैठका, जकात व बँकिंगची शिबिरे या सर्वांतून अनोळखी माणूस ओळखीचा होतो आणि ओळखीतून पत निर्माण होते. स्वतः वालचंद स्वतंत्र भारतात विशाखापट्टणमच्या आपल्या गोदीतून 'जलउषा' जहाज पाण्यात उतरलेले पाहू शकले. तो दिवस १४ मार्च १९४८ चा. ८ एप्रिल १९५३ रोजी त्यांचे निधन झाले.

आता माझ्या तोट्याची गोष्ट. १९९६ च्या सुमारास आम्ही तिघा स्नेह्यांनी येथील भगिनींकडून सुती पिशव्या शिवून घेतल्या आणि ओळखीच्या एका दलालामार्फत दुबईच्या ग्राहकाला पाठविल्या. माल उत्तम होता, भावही ठरलेला होता. पण माल तेथील बंदरात अडकला, कारण 'सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन', म्हणजे हा माल भारतातच तयार झाला असा दाखला, सोबत जोडलेलाच नव्हता. दलालाने तो सांगितला नाही आणि आम्हाला ठाऊक नव्हता. दाखला मिळवून पाठवीपर्यंत बंदरातील भाड्याने नफा तर गिळलाच, मुद्दलही खाल्ले. शिलाईची मजुरी दुकानाच्या गल्ल्यातून चुकती केली. त्या भगिनींना पुढचे काम मात्र देऊ शकलो नाही, याची खंत आजही आहे.

पुढे काही महिन्यांनी नाशिकला व्यापाऱ्यांच्या एका शिबिरात गेलो, तेव्हा कळले की असा दाखला देणे हे चेंबरचे नेहमीचेच काम आहे. १९२३ च्या जिनिव्हा करारापासून ते जगात मान्य आहे. एक अर्ज, बीजक आणि थोडेसे शुल्क, एवढ्यावर आमचा माल वाचला असता! राजूरच्या बाजारात माझ्या वडिलांचा शब्द चालत असे. डांगाणातून आठवडे बाजाराला येणारा माणूस वहीत सही न करता कापड नेई आणि सुगी झाल्यावर पैसे आणून देई. पण दुबईच्या बंदरात तो शब्द कोण ओळखणार? तेथे आपली पत सांगणारी एक संस्था पाठीशी हवी असते. चेंबर म्हणजे संघटित पत, अशी व्याख्या मी त्या दिवशी स्वतःपुरती केली.

आज साधने पुष्कळ वाढली आहेत. हे दाखले आता विदेश व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावरून ऑनलाइन मिळतात. समाजाच्या पातळीवर 'जितो', अर्थात जैन इंटरनॅशनल ट्रेड ऑर्गनायझेशन, ही संस्था उभी राहिली असून मे २०२२ मध्ये पुण्यात भरलेल्या तिच्या 'जितो कनेक्ट'च्या उद्घाटनप्रसंगी पंतप्रधानांनी दूरदृश्य प्रणालीद्वारे मार्गदर्शन केले. हे सर्व अभिमानास्पद आहे. तथापि नम्रपणे एक गोष्ट सांगावीशी वाटते. हे मेळावे बहुतांशी महानगरांत होतात, तेथील भाषा बहुधा इंग्रजी असते आणि लहान गावचा दुकानदार मागच्या रांगेत बसून चहा घेऊन परततो. वालचंदांची संस्था मुळात मुंबईबाहेरच्या व्यापाऱ्यासाठी निघाली होती, याचा विसर पडू नये.

तसेच, केवळ आपल्या समाजापुरती संघटना करून भागणार नाही. आपल्या भोवतालच्या डोंगरात हिरडा आहे, काळभातासारखे वाण आहेत. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाण्यांच्या जतनासाठी २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. इंग्रजांच्या काळी हिरडा कातडी कमावण्यासाठी विलायतेला जात असे आणि त्याच्या प्रती जबलपूर, भीमुनिपट्टणम, वेंगुर्ला अशा गावांच्या नावांनी ओळखल्या जात. त्या यादीत आपल्या अकोले तालुक्याचे नाव कधी आले नाही. माल होता, नाव नव्हते.

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने एक छोटी सूचना करतो. आपल्या सभागृहात वर्षातून एक दिवस निर्यातीच्या कागदपत्रांचे शिबिर मराठीतून भरवावे. चेंबरच्या जाणकारांना बोलवावे आणि त्या दिवशी पुढच्या रांगेत डांगाणातील शेतकरी व बचत गटाच्या भगिनी यांना बसवावे. दाखल्याचा एक कागद राहिला म्हणून जे काम राजूरमध्ये थांबले, ते पुन्हा सुरू झालेले पाहण्याची माझी इच्छा आहे. शिवणयंत्रे अजून आहेत आणि आमच्यापैकी दोघे अजून दुकानात बसतात.