हवेसाठी पेटलेला दिवा

मोटारचालकासमोर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा असतो. तो इंजिनाच्या काळजीपोटी आला असे वाटते. पण त्याचे मूळ लॉस एंजलिसच्या धुरक्यात आहे. मोटारींच्या धुरातील हायड्रोकार्बने व नायट्रोजनची ऑक्साइडे यांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन हे धुरके बनते, असे आरी हागेन-स्मिट यांनी १९५०च्या दशकाच्या आरंभी दाखवले. पुढे, १९७५च्या सुमारास, धूर शुद्ध करणारे उत्प्रेरक मोटारींत बसवले जाऊ लागले. पण अशी साधने बिघडली तरी गाडी धावतच राही. चालकाला पत्ताही लागत नसे. म्हणून कॅलिफोर्नियाने १९८८च्या मॉडेलपासून बिघाड ओळखणारी यंत्रणा व तिचा दिवा सक्तीचा केला. १९९६च्या मॉडेलपासून सुधारित यंत्रणा अमेरिकाभर आली.

ही यंत्रणा बिघाड ओळखते कसा? एखाद्या सिलिंडरमधील इंधन पेटले नाही, तर क्रँकशाफ्टची गती क्षणभर मंदावते. संवेदक ते टिपतो. असे वारंवार घडले की संगणक सांकेतिक क्रमांक नोंदवून दिवा लावतो. दिवा लुकलुकू लागला, तर न जळलेले इंधन उत्प्रेरकात पोचून तो तापून निकामी होण्याचा धोका असतो.

मात्र इंधन का पेटले नाही, हे तो क्रमांक सांगत नाही. स्पार्क प्लग, कॉइल की इंजेक्टर, हे तपासूनच ठरते. तापमापी ताप दाखवते. रोग शोधावा लागतो.