अणु, रेणु आणि यांत्रिक शिकवणी

शास्त्रीय परिभाषेचा वाद हा विद्वानांच्या बैठकींतला वाद. शाळेंतल्या मुलांस त्याचें सोयरसुतक काय, असें पुष्कळांस वाटतें. नागपुरापुरतें तरी तें खरें नाहीं. बारावीच्या रसायनशास्त्राची तयारी करणारा विद्यार्थी हल्लीं कृत्रिम बुद्धीच्या यंत्राला मराठींत शंका विचारूं शकतो, आणि त्याला मिळणाऱ्या उत्तरांत येथला जुनाच वाद निराळ्या वेषानें पुन्हां उभा राहतो.

त्या वादाची हकीकत अशी. नागपूर ही मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी; प्रांत द्विभाषिक; विद्यापीठ १९२३ सालचें. स्वातंत्र्याच्या सुमारास या विद्यापीठानें हिंदी व मराठी या भाषा शिक्षणाचें माध्यम म्हणून पत्करल्या, तेव्हां शास्त्रविषयांसाठीं शब्द कोठून आणावयाचे हा प्रश्न उभा राहिला. लाहोरहून नागपुरास आलेले डॉ. रघुवीर यांनीं पंडित रविशंकर शुक्ल यांच्या सरकारच्या आश्रयानें तें काम अंगावर घेतलें. ऑक्सिजनला ‘जारक’, हायड्रोजनला ‘उदजन’, नायट्रोजनला ‘भूयाति’, कार्बनला ‘प्रांगार’ असे संस्कृताच्या आधारानें घडविलेले शब्द त्यांनीं दिले. त्यांची थट्टा पुष्कळ झाली, आणि ती थोडी अन्यायाचीही होती. कारण ‘जारक’ यावरून ऑक्साइडला ‘जारेय’ असा एका शब्दांतून दुसरा शब्द निघावा, अशी त्यांत शिस्त होती. परंतु शब्द नियमानें जन्मला म्हणून नियमानें जगतोच असें नाहीं. विदर्भांतला शेतकरी आजही खताविषयीं बोलतांना ‘नत्र, स्फुरद, पालाश’ म्हणतो. ‘भूयाति’ कोणाच्या शेतांत रुजला नाहीं.

पुढें १९५६ सालीं नागपूर मुंबई राज्यांत व १९६० सालीं महाराष्ट्रांत आलें. महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिति मंडळाचें ठाणें येथेंच होतें, व त्यानें उच्च शिक्षणाचे ग्रंथ मराठींत काढले. तथापि अकरावी-बारावीच्या विज्ञानशाखेचीं पुस्तकें इंग्रजींतच राहिलीं. दहावीपर्यंत मराठी शाळेंत ‘क्षपण’ शिकलेला मुलगा दोन महिन्यांच्या सुटीनंतर ‘रिडक्शन’पुढें येऊन उभा राहतो. नवल असें कीं, प्रवेशपरीक्षा मात्र मराठीकडे वळल्या. नीटची प्रश्नपत्रिका २०१७ पासून व जेईई मुख्य परीक्षेची २०२१ पासून मराठींतही मिळूं लागली. म्हणजे शिकावें इंग्रजींत, आणि हवें तर उत्तर द्यावें मराठींत! या दोहोंमधली दरी आजवर खासगी शिकवण्यांनीं भरून काढली. अर्थात् ज्यांस शुल्क परवडलें त्यांच्यापुरती.

यंत्राकडून रसायन शिकण्याची कल्पना नवी नव्हे. अमेरिकेंत इलिनॉय विद्यापीठांत १९६० सालीं ‘प्लेटो’ नांवाची संगणकयंत्रणा सुरू झाली, व पुढें तिजवर रसायनशास्त्राचे धडे रचले गेले. तेथें जें आधीं लिहून ठेवलें असेल तेंच विद्यार्थ्यास मिळे. नोव्हेंबर २०२२ मध्यें चॅटजीपीटी लोकांस खुलें झालें तेव्हांपासून विद्यार्थी आपल्या शब्दांत, आपल्या भाषेंत, कितीही वेळां विचारूं शकतो. काटोलच्या एखाद्या मुलीनें रात्रीं अकरा वाजतां एकच समीकरण पांच वेळां समजावून मागितलें, तरी समोरचा गुरु कंटाळत नाहीं. ज्या मुलीस वर्गांत हात वर करण्याचा संकोच वाटतो, तिला हा लाभ लहान नव्हे.

आतां अडचण पाहा. मराठींत ‘अणु’ म्हणजे मूलद्रव्याचा कण व ‘रेणु’ म्हणजे अणूंच्या संयोगानें झालेला. हिंदींत पहिल्यास ‘परमाणु’ म्हणतात आणि दुसऱ्यास ‘अणु’. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ नागपुरांत शेजारशेजारच्या शाळांतून शिकविले जात आले. यंत्रास शिकविण्यासाठीं वापरलेल्या देवनागरी मजकुरांत हिंदीचा भाग मराठीहून कितीतरी मोठा. त्यामुळें त्याच्या मराठींत हिंदी अर्थ शिरण्याचा संभव नेहमीं राहतो. ३२ ग्रॅम ऑक्सिजनमध्यें रेणु ६.०२२ गुणिले दहाचा तेविसावा घात इतके. अणु त्याच्या दुप्पट. ‘अणु किती?’ या प्रश्नाचें उत्तर हिंदी अर्थानें आलें तर तें बरोबर निम्में येईल. गणित शुद्ध, पायऱ्या शुद्ध, आणि उत्तर चूक. चार पर्यायांच्या प्रश्नांत हे दोन्ही आंकडे बहुधा शेजारींच बसलेले असतात. नीटमध्यें बरोबर उत्तरास चार गुण मिळतात व चुकीस एक गुण कापला जातो; म्हणजे एका शब्दापायीं पांच गुणांचें अंतर पडलें.

यावर उपाय आहे, व तो फार साधा आहे. शंका विचारण्यापूर्वीं दहावीच्या मराठी पुस्तकांतील संज्ञा व त्यांचे इंग्रजी प्रतिशब्द यंत्रापुढें मांडावे आणि याच अर्थानें उत्तर दे असें बजावावें. ही यादी शिक्षकानें वर्गास एकदां करून दिली तर काम भागेल. डॉ. रघुवीरांचे शब्द गेले, पण एका अर्थास एकच शब्द हा त्यांचा आग्रह या यादींत कामास येतो.

इंग्रजी प्रतिशब्द सोडून मात्र चालावयाचें नाहीं. नीटच्या मराठी प्रश्नांत भाषांतरामुळें संदिग्धता उत्पन्न झाली तर इंग्रजी पाठच अंतिम मानावा, असा त्या परीक्षेचा नियम आहे.