दीडशे रुपयांची तोफ

गेल्या महिन्यात दीड दिवस विजापूरला होतो. एवढ्या वेळात ते शहर बघून होत नाही. गोलघुमटात वर चढलो तर शंभरेक पोरं एकदम ओरडत होती. सात वेळा घुमणारा आवाज सातशे वेळा घुमत होता. कान झाकून खाली उतरलो.

मग शेरजा बुरुजावर गेलो, मलिक-ए-मैदान तोफ बघायला. लांबी सुमारे १४ फूट, वजन अंदाजे ५५ टन. तोंडाशी जबडा वासलेलं श्वापद आणि त्याच्या दातांत चिरडला जाणारा हत्ती. ही तोफ विजापूरची नाहीच मुळी! ती ओतली आपल्या अहमदनगरला, १५४९ साली, निजामशाहीत. ओतणारा मुहम्मद बिन हसन रूमी, म्हणजे तुर्की कारागीर. तिथून ती परांड्याच्या किल्ल्यात गेली आणि पुढे आदिलशाहीने ती विजापूरला आणली. १६८६ मध्ये औरंगजेबाने शहर जिंकलं आणि तोफेवर आपल्या विजयाचा लेख कोरून घेतला. जो आला त्याने ती आपली म्हटली.

पण मला खरी गोष्ट वाटते ती नंतरची. १८४८ मध्ये साताऱ्याचं राज्य खालसा झालं आणि विजापूर इंग्रजांकडे गेलं. १८५४ मध्ये साताऱ्याच्या कमिशनरचा हुकूम सुटला, निकामी जुन्या तोफा विकून टाका. लिलाव झाला. मलिक-ए-मैदानला सर्वांत मोठी बोली आली फक्त दीडशे रुपयांची! मोडीचा भाव. तिथल्या मामलेदाराला हे खटकलं. एवढीशी रक्कम, आणि आसपासचे लोक या तोफेला किती मानतात, हे त्याने वर लिहून कळवलं. विक्री रद्द झाली.

तोफ वाचवायला ना सुलतान आला, ना बादशहा. वाचवली एका तालुक्याच्या अधिकाऱ्याच्या कागदाने. आणि त्या कागदात वजन होतं ते लोकांच्या मायेचं.

आज आपण रोज भांडतो, ही वास्तू कुणाची, तो राजा आपला की परका. भांडा, इतिहासात लढाया झाल्याच आहेत. अफजलखान याच दरबारातून निघाला होता आणि शहाजीराजेही याच दरबारचे सरदार होते. दोन्ही खरं आहे, एक सांगण्यासाठी दुसरं लपवायची गरज नाही. पण भांडण सुरू असताना त्या दगडांकडे, त्या धातूकडे बघतो कोण? त्याच बुरुजावर माझ्यासमोर एक जण किल्लीने तोफेवर नाव कोरायला लागला होता. हटकलं तर म्हणाला, "तुमची आहे का?"

हो बाबा, माझी आहे. तुझीही आहे. म्हणून तर हटकलं.

तुमच्या गावातली अशी एखादी वास्तू आहे का, जिच्यासाठी कुणीतरी एक कागद लिहायला हवाय? कमेंटमध्ये नाव टाका. आणि जमलं तर तो कागदही लिहा.