मसूर ते गोरेगाव : टोलनाक्यावरची तहान

सरकारी कागदात रस्त्याचा इतिहास म्हणजे लांबी, पूल आणि डांबरीकरणाची तारीख. त्या रस्त्यावरून कोणाला कसं जावं लागलं, हे त्यात सापडत नाही. म्हणून सातारा जिल्ह्यातली मसूर-गोरेगाव ही वाट आम्ही बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मधून वाचतो.

साल १९०१. खटाव तालुक्यात दुष्काळाने माणसं मरत होती. त्यांना काम मिळावं म्हणून गोरेगावला सरकारी तलाव खोदला जात होता आणि रामजीबाबा तिथे खजिनदार होते. सुट्टीत वडिलांकडे निघालेला लहानगा भीमराव भाऊ-भाचरांसह रेल्वेने मसूरला उतरला. न्यायला कोणीच आलं नव्हतं. पत्र वडिलांच्या हातीच पडलं नव्हतं. आपुलकीने चौकशी करणारा स्टेशनमास्तर 'महार' शब्द ऐकताच मागे सरला. गाडीवाले तयार होईनात. शेवटी एकजण दुप्पट भाड्यावर कबूल झाला, पण गाडी मुलांनी हाकायची आणि तो बाजूने चालणार! माणसाचा विटाळ होता, पैशाचा नव्हता.

रात्री टोलनाका लागला. जवळ डबा होता, पाणी नव्हतं. गाडीवानाने सुचवल्याप्रमाणे भीमरावाने मुसलमान असल्याचं सांगून पाहिलं, तरी नाकेदाराने पाणी दिलं नाही. लेकरं उपाशी झोपली. बाप तलावाच्या कामाचा पैसा सांभाळतो आणि त्याच तलावाकडे जाणाऱ्या वाटेवर मुलगा तहानलेला!

रेल्वे आणि रस्त्यांनी जात सैल केली, असं समाजशास्त्राच्या वर्गात आम्हीही शिकलो. अर्धं खरं आहे. रेल्वेने तिकीट दिलं, डब्यात जागा दिली. स्टेशनबाहेर पाऊल पडताच गाव सुरू झालं. नाका सरकारी, रस्ता सरकारी, पण त्यावरचा कायदा मनूचाच.

१९२३ मध्ये बोले ठरावाने सरकारी खर्चातले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा कागदावर खुल्या केल्या. अंमल होईना, म्हणून १९२७ ला महाड घडलं. पुढे संविधानाच्या कलम १५(२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्या जोडीला 'रस्ते' हा शब्द आला. मसूरची रात्र ठाऊक असलेल्याला तो शब्द तिथे का हवा, हे वेगळं सांगावं लागत नाही.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला. चांगलं झालं. मित्रांनो, ज्या गावात पाटी बदलली तिथे एकदा पायी जाऊन बघा : मुख्य रस्त्याचं डांबर वस्तीच्या शेवटच्या घरापर्यंत पोहोचतं, की वळणावरच संपतं?