ख्रिस्ती पंथ (महाराष्ट्र)

ख्रिस्ती पंथ म्हणजे येशू ख्रिस्तावर श्रद्धा ठेवणारा आणि स्वतःचे नाव, श्रद्धावचन, उपासनाविधी, धर्माधिकारी व शासनव्यवस्था असलेला ख्रिस्ती समाजाचा स्वतंत्र घटक होय. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि प्रोटेस्टंट या तीन मोठ्या परंपरांत असे अनेक पंथ आहेत. २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे १० लाख ८० हजार ख्रिस्ती लोक होते. राज्याच्या लोकसंख्येशी हे प्रमाण एक टक्क्याहून किंचित कमी आहे. ब्रिटिश काळातील जनगणनांत ख्रिस्ती लोकांची पंथवार कोष्टके छापली जात. आता फक्त ‘ख्रिस्ती’ एवढीच नोंद प्रसिद्ध होते, त्यामुळे कोणत्या पंथाचे किती लोक हे सरकारी आकड्यांवरून कळत नाही. एखादी व्यक्ती कोणत्या पंथाची आणि मुळात ती ख्रिस्ती आहे की नाही, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. दोहोंची उत्तरे चर्च, स्वतः श्रद्धावान माणूस आणि कायदा हे तिघे तीन रीतींनी देतात.

संज्ञा

मराठीत ‘पंथ’ हा शब्द महानुभाव, नाथ इत्यादी संप्रदायांवरून रूढ झाला आहे. तेथे एका पंथाची दीक्षा घेतलेला मनुष्य अन्य संतांच्या यात्रेला जाऊ शकतो. ख्रिस्ती पंथाचे सभासदत्व तसे सैल नसते. त्याची नोंदवही असते, आणि सामान्यतः एका वेळी एकाच पंथात नाव असते. मराठी बायबलमध्ये ‘मंडळी’ हा शब्द येतो व प्रोटेस्टंट लोक तोच वापरतात. वसईकडील कॅथलिक लेखनात ‘ख्रिस्तसभा’ हा शब्द आढळतो. दोन्ही शब्दांचा अर्थ स्थानिक समुदाय असाही होतो आणि जगभरचा ख्रिस्ती समाज असाही होतो.

‘पंथ’ हा शब्द बहुधा बाहेरून पाहणाऱ्याचा असतो. कॅथलिक चर्च स्वतःला अनेक पंथांपैकी एक पंथ मानत नाही. दुसऱ्या टोकाला, काही स्वतंत्र प्रोटेस्टंट समुदाय ‘आम्ही कोणत्याही पंथाचे नाही, केवळ ख्रिस्ती आहोत’ असे सांगतात. प्रत्यक्षात त्यांचेही पाळक, नियम आणि सभासद ठरलेले असतात, म्हणून अभ्यासक त्यांची गणना पंथांतच करतात.

पंथ कशाने ठरतो

पंथाची ओळख बाह्य विधींवरून होते असा सर्वसाधारण समज आहे. नवी मुंबईतील वाशीचे उदाहरण घेतले असता हा समज अपुरा असल्याचे दिसते. सिडकोने वसवलेल्या या शहरात केरळमधून नोकरीनिमित्त आलेली अनेक सीरियन ख्रिस्ती कुटुंबे स्थायिक झाली. वाशीच्या सेक्टर १०-ए मध्ये मलंकरा ऑर्थोडॉक्स सीरियन चर्चच्या मुंबई धर्मप्रांताचे केंद्र आहे आणि त्याच सेक्टरमध्ये मार थोमा चर्चचेही केंद्र आहे. दोन्ही पंथ आपला उगम प्रेषित थॉमसपर्यंत नेतात, दोहोंची उपासना सीरियन परंपरेतून आलेली आहे व मल्याळम भाषेत चालते. अपरिचित माणसाला दोहोंत फारसा भेद जाणवणार नाही. तरीही ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये मार थोमा सभासदाला पवित्र सहभागिता, म्हणजे प्रभुभोजनातील भाकर व द्राक्षारस, दिली जात नाही.

याचे कारण एकोणिसाव्या शतकात आहे. पालक्कुन्नत्तु अब्राहम मल्पान यांच्या सुधारणा-चळवळीतून मार थोमा चर्च घडले. संतांच्या मध्यस्थीसाठी व मृतांसाठी करावयाच्या प्रार्थना त्याने सोडल्या, परंतु बिशप व सीरियन उपासनेचा साचा कायम ठेवला. या चर्चचा पूर्ण सहभागिता-संबंध आहे तो चर्च ऑफ नॉर्थ इंडिया व चर्च ऑफ साउथ इंडिया यांच्याशी. म्हणजे वाशीतील मार थोमा कुटुंब मुंबईतील एखाद्या जुन्या अँग्लिकन घडणीच्या मंडळीत जाऊन, तेथील उपासना अगदी वेगळी असूनही, प्रभुभोजन घेऊ शकते. शेजारच्या सीरियन वेदीवर मात्र घेऊ शकत नाही.

याच्या उलट स्थिती कॅथलिकांत दिसते. वाशीचे सेक्रेड हार्ट चर्च लॅटिन विधीचे असून मुंबई महाधर्मप्रांतात मोडते. मूळच्या केरळच्या सायरो-मलबार कॅथलिकांसाठी १९८८ मध्ये कल्याण हा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला. त्यांचे बिशप निराळे, विधी निराळे आणि मिस्सेची भाषाही बहुधा निराळी. तथापि दोघेही रोमच्या पोपशी एकसंध असल्याने एकमेकांच्या वेदीवर सहभागी होतात व त्यांना एकाच कॅथलिक चर्चचे मानले जाते. लॅटिन धरून अशा चोवीस स्वायत्त चर्चांचे मिळून कॅथलिक चर्च बनलेले आहे.

सारांश, कोणाच्या धर्माधिकाऱ्याचा अधिकार मान्य करावयाचा आणि कोणाबरोबर प्रभुभोजनाला बसावयाचे, या दोन गोष्टींवर पंथाची सीमा ठरते. श्रद्धावचनातील भेद या सीमेमागचे कारण असतो, पण प्रत्येक भेदाने सीमा पडतेच असे नाही.

समाज आणि पंथ

जात, भाषा वा प्रदेश यांवरून पडलेली नावे पुष्कळदा पंथाची नावे समजली जातात. ‘ईस्ट इंडियन’ हे त्याचे ठळक उदाहरण. मुंबई, साष्टी, वसई आणि उरण येथील मराठी बोली बोलणाऱ्या मूळ कॅथलिकांनी गोव्याहून आलेल्या कॅथलिकांपासून आपले वेगळेपण दाखवण्यासाठी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, हे नाव घेतले. हा समाज आहे, पंथ नव्हे. उरणचा ईस्ट इंडियन, नेरुळचा गोवेकर आणि मंगळुरी कॅथलिक हे तिघे एकाच पंथाचे आहेत.

अधिकारक्षेत्राच्या भांडणानेही दरवेळी पंथ निर्माण होत नाही. मुंबईत १७९४ पासून काही चर्चे पोर्तुगालच्या राजाच्या आश्रयाखालील ‘पाद्रोआदो’ व्यवस्थेकडे, तर काही थेट रोमच्या ‘प्रोपागांडा’ व्यवस्थेकडे होती. एकाच वस्तीतील कॅथलिक दोन वेगळ्या धर्माधिकाऱ्यांची आज्ञा मानत. हा दुहेरी कारभार १९२८ मध्ये संपला. एवढ्या दीर्घ काळात कटुता पुष्कळ वाढली, परंतु दोन पंथ झाले नाहीत, कारण श्रद्धावचन व पोपचे स्थान याविषयी वाद नव्हता.

प्रोटेस्टंटांत पंथ बऱ्याच अंशी मिशनच्या क्षेत्रावरून ठरला. मुंबईत १८१३ मध्ये आलेल्या अमेरिकन मराठी मिशनने पुढे अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात मोठे काम केले. त्याची परंपरा काँग्रिगेशनल, म्हणजे स्थानिक मंडळीला स्वायत्तता देणारी होती. नाशिकला अँग्लिकन चर्च मिशनरी सोसायटी, कोल्हापूरला अमेरिकन प्रेस्बिटेरियन आणि जालन्याला स्कॉटिश मिशन होते. खेड्यातील महार वा मांग कुटुंबाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो तेथे जे मिशन होते त्याच्या हातून. प्रेस्बिटेरियन व अँग्लिकन यांच्यातील युरोपीय वाद त्यांच्यापुढे नव्हताच. नातवंडांना मात्र तो पंथ वारशाने मिळाला.

पंथांचे एकीकरण

ही वारशाने आलेली विभागणी मोडण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न महाराष्ट्रातच झाला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा चर्चांच्या एकीकरणातून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. त्यांत अँग्लिकन, काँग्रिगेशनल व प्रेस्बिटेरियन परंपरेचे युनायटेड चर्च, बॅप्टिस्ट, ब्रेदरेन, डिसायपल्स आणि ब्रिटिश व ऑस्ट्रेलेशियन मेथॉडिस्ट यांचा समावेश होता. अमेरिकन परंपरेचे मेथॉडिस्ट चर्च अखेरच्या टप्प्यावर बाहेर राहिले. १९८१ पासून ते ‘मेथॉडिस्ट चर्च इन इंडिया’ या नावाने स्वायत्त आहे. एकीकरणातील अवघड मुद्दा बाप्तिस्म्याचा होता. बॅप्टिस्ट व ब्रेदरेन हे जाणत्या वयात श्रद्धा प्रकट करणाऱ्यालाच बाप्तिस्मा देत, इतर चर्चे तान्ह्या मुलांनाही देत. नव्या चर्चने दोन्ही पद्धती समान मानल्या. पूर्वी ज्या भेदाने पंथ वेगळे राहिले होते, तो भेद आता एकाच पंथात नांदू लागला.

मालमत्तेचा प्रश्न इतक्या सहजतेने सुटला नाही. गुजरातमधील ब्रेदरेन चर्चच्या एका गटाने विलीनीकरण नाकारले. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की केवळ ठराव करून एका चर्चची विश्वस्त मालमत्ता दुसऱ्याकडे जात नाही. त्यासाठी १९५०च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याची रीत पाळावी लागते. धर्मशास्त्रदृष्ट्या विसर्जित झालेला पंथ विश्वस्त नोंदणीत अशा रीतीने जिवंत राहू शकतो.

ख्रिस्ती कोण : चर्चांचे निकष

बहुतेक चर्चे दोन निकष लावतात. पहिला श्रद्धेचा : निकेया (३२५) व कॉन्स्टँटिनोपल (३८१) येथील धर्मसभांत सिद्ध झालेले श्रद्धावचन, म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा हे त्रैक्य आणि ख्रिस्ताचे ईश्वरत्व मान्य असणे. दुसरा संस्काराचा : पाण्याने व त्रैक्याच्या नावाने झालेला बाप्तिस्मा. कॅथलिक चर्च असा बाप्तिस्मा अन्य पंथाच्या पाळकाने दिला असला तरी ग्राह्य धरते व पुन्हा देत नाही. पेंटेकॉस्टल मंडळ्या मात्र तान्हेपणीचा बाप्तिस्मा मानत नाहीत; तेथे येणाऱ्या कॅथलिक वा अँग्लिकन व्यक्तीला पाण्यात बुडवून पुन्हा बाप्तिस्मा दिला जातो. त्यांच्या भाषेत ‘विश्वासी’ आणि ‘नावाचा ख्रिस्ती’ असा फरक केला जातो. हा शब्दप्रयोग जुन्या मंडळ्यांना बोचतो.

दोन्ही निकष अपवादांवाचून लागू पडत नाहीत. यहोवाचे साक्षीदार बाप्तिस्मा देतात व बायबल प्रमाण मानतात, पण त्रैक्य नाकारतात. म्हणून प्रस्थापित चर्चे त्यांना ख्रिस्ती मानत नाहीत, ते स्वतःला ख्रिस्तीच म्हणवतात. मॉर्मन पंथाचा बाप्तिस्मा ग्राह्य नाही असे कॅथलिक चर्चने २००१ मध्ये जाहीर केले. उलट बाजूला मुक्तिफौज आहे. १८८२ मध्ये मुंबईत कार्यारंभ केलेली ही संघटना त्रैक्य मानते, पण बाप्तिस्मा देत नाही आणि प्रभुभोजनही साजरे करत नाही. बाप्तिस्मा हाच निर्णायक निकष धरला तर मुक्तिफौजेचे सारे सैनिक ख्रिस्ती धर्माबाहेर पडतील. तसे म्हणण्यास कोणीही तयार नसते.

रमाबाई आणि टिळक

महाराष्ट्रातील दोन थोर व्यक्तींनी हे निकष स्वतःच्या आयुष्यात तपासून पाहिले. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला. परंतु त्रैक्याचा सिद्धांत व चर्चचा अधिकार यांविषयी सिस्टर जेराल्डाईन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्यांनी शंका निर्भीडपणे मांडल्या. एका धर्माचे पुरोहित सोडून दुसऱ्या धर्माच्या पुरोहितांची आज्ञा विनाविचार स्वीकारण्यास त्या तयार नव्हत्या. पुढे त्यांनी केडगाव येथे उभारलेले मुक्ती मिशन एका पंथाशी बांधलेले नव्हते. १९०५ मध्ये तेथे झालेल्या धार्मिक जागृतीची नोंद पेंटेकॉस्टल चळवळीच्या इतिहासात घेतली जाते.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. अमेरिकन मिशनमध्ये दीर्घकाळ काम केल्यावर १९१७ मध्ये ते त्या सेवेतून मुक्त झाले आणि सातारा येथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. या दरबारात ख्रिस्ताचे बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही शिष्य एकत्र येऊ शकत. बाप्तिस्मा घेणे म्हणजे त्या काळी घरदार, जात आणि वारसा यांना मुकणे होते, हे टिळकांनी स्वतः अनुभवले होते. मिशनरींपुढे मात्र पेच होता : संस्काराशिवाय शिष्यत्व मान्य केले तर मंडळीची नोंदवही कशासाठी? ९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाले. दरबाराला जेमतेम दोन वर्षे लाभल्याने या प्रश्नाची कसोटी पाहणे राहून गेले.

ख्रिस्ती कोण : कायद्याचे निकष

भारतीय कायदा श्रद्धावचनात शिरत नाही. १८७२च्या भारतीय ख्रिस्ती विवाह अधिनियमानुसार ख्रिस्ती धर्म मानणारी व्यक्ती ती ख्रिस्ती. १९२५च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमातील व्याख्येत ख्रिस्ती धर्माचे ‘कोणतेही रूप’ मानणाऱ्याचा समावेश आहे. त्यामुळे यहोवाचा साक्षीदार, मुक्तिफौजेचा सैनिक व कॅथलिक हे वारसाहक्कापुरते सारखेच ख्रिस्ती ठरतात. विवाह लावण्याच्या अधिकारात मात्र पंथ डोकावतो. बिशपकडून दीक्षा मिळालेल्या धर्मगुरूला आपल्या चर्चच्या नियमांप्रमाणे विवाह लावता येतो. स्वतंत्र मंडळीच्या पाळकाला शासनाचा परवाना लागतो.

धर्म ‘मानणे’ म्हणजे काय, याचा महत्त्वाचा निवाडा महाराष्ट्रातील एका निवडणूक खटल्यात झाला. पंजाबराव विरुद्ध मेश्राम या खटल्यात नागपूरमधील राखीव मतदारसंघातून निवडून आलेल्या उमेदवाराने बौद्ध धर्म स्वीकारला होता की नाही, हा मुद्दा होता. सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये म्हटले की धर्म मानणे म्हणजे आपली श्रद्धा उघडपणे जाहीर करणे. तसे जाहीर झाल्यावर विधी यथासांग झाला का, याची चौकशी निरर्थक आहे. खटला बौद्ध धर्माविषयीचा असला तरी त्यातील अर्थ सर्व धर्मांना लागू पडतो.

या शब्दाचे सर्वांत मोठे परिणाम दलित ख्रिस्ती समाजाला भोगावे लागतात. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा प्रारंभी हिंदूंनाच होता. १९५६ मध्ये शीख व १९९० मध्ये बौद्ध यांना तो मिळाला, ख्रिस्ती व मुस्लिम यांना मिळालेला नाही. अनुसूचित जमातींना अशी धर्माची अट नाही. परिणामी सभासदत्व मंडळीत, पण कागदोपत्री धर्म हिंदू, अशी दुहेरी नोंद काही कुटुंबे ठेवतात. पुदुच्चेरीतील एका महिलेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २६ नोव्हेंबर २०२४ रोजी, तिचा बाप्तिस्मा व चर्चमधील नियमित उपस्थिती हे पुरावे धरून, केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचा दावा करणे ही राज्यघटनेशी प्रतारणा ठरवली. धर्मांतरित दलितांना हा दर्जा द्यावा काय, हे तपासण्यासाठी केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला.