कामाचा दिवस कोण ठरवतो: सेवाधारित रचनेच्या अभ्यासाची प्रस्तावना

७ डिसेंबर २०२१ रोजी संयुक्त अरब अमिरातीच्या सरकारने जाहीर केले, की १ जानेवारी २०२२ पासून साप्ताहिक सुटी शुक्रवार-शनिवारऐवजी शनिवार-रविवारी असेल आणि शुक्रवारी अर्धा दिवस कामकाज चालेल. शारजाने त्यापुढे जाऊन शुक्रवार, शनिवार, रविवार अशी तीन दिवसांची सुटी ठरवली. खासगी कंपन्यांना आपापला आठवडा निवडायची मुभा होती. घोषणा आणि अंमलबजावणी यांच्यामध्ये उणेपुरे पंचवीस दिवस होते. मोठ्या संस्थांमधली सेवाधारित रचना, म्हणजे रोजच्या बोलण्यातले ‘एसओए’, समजून घेऊ पाहणाऱ्या वाचकाने सुरुवात या पंचवीस दिवसांपासून करावी असे मला वाटते.

एखादी मोठी बँक डोळ्यांपुढे आणा. ‘शुक्रवारी सुटी’ ही एवढीशी माहिती तिथे किती ठिकाणी रुतून बसलेली असते! पगार जमा करणारा प्रोग्रॅम, चेक वटवण्याची व्यवस्था, कर्जाच्या हप्त्याची तारीख पुढे ढकलणारा नियम, तक्रारीला उत्तर देण्याची मुदत, एटीएममध्ये रोकड भरण्याचे वेळापत्रक, कर्मचाऱ्यांच्या रजांचा हिशेब. यांतला एक प्रोग्रॅम मेनफ्रेमवर कोबोलमध्ये लिहिलेला, दुसरा बाहेरून विकत घेतलेला, तिसरा कधीच नोकरी सोडून गेलेल्या कोणा इंजिनिअरने घाईत उभा केलेला. सुटीचे वार प्रत्येकाला आपापल्या परीने ठाऊक. अशा ठिकाणी वार बदलायचे तर ते कुठे कुठे लिहिले आहेत याचा आधी शोध घ्यावा लागतो, आणि शोध पुरा झाल्याची हमी कोणीच देऊ शकत नाही.

दुसऱ्या एखाद्या बँकेत ही माहिती एकाच सेवेपाशी, म्हणजे एवढ्याच कामासाठी ठेवलेल्या एका प्रोग्रॅमपाशी असते. बाकीचे प्रोग्रॅम तिला विचारतात, ‘अमुक तारीख कामाची आहे का?’ वार बदलले की दुरुस्ती एकाच जागी होते. हीच सेवाधारित रचना. पण शारजाने हे सोपे उत्तरही पुरे पडू दिले नाही. दुबईत कामाचा असलेला शुक्रवार शारजात सुटीचा झाला. आता नुसती तारीख सांगून भागेना. कोणत्या अमिरातीत, कोणत्या कार्यालयासाठी, हेही सांगणे आले. आणि प्रश्न बदलला की तो विचारणारा प्रत्येक प्रोग्रॅम बदलावा लागतो. सेवेला काय विचारायचे आणि तिने कशाची हमी द्यायची, हा करार नीट बांधणे हेच या विद्येतले सर्वांत कठीण काम आहे.

संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्येच मांडले होते, की प्रोग्रॅमचे भाग पाडताना कामाच्या पायऱ्या मोजू नयेत. जे निर्णय पुढे बदलण्याची शक्यता आहे ते ओळखावेत आणि प्रत्येक निर्णय एकेका भागाच्या आड झाकावा. अमिरातीत सुटीचे वार २००६ मध्येही एकदा बदलले होते, म्हणजे हा निर्णय बदलू शकतो हे ठाऊक असायला हरकत नव्हती. १९९६ मध्ये गार्टनर या सल्लागार संस्थेच्या रॉय शुल्टे आणि येफिम नाटिस यांनी सेवाधारित रचनेला नाव दिले. त्या नावाखाली पुढे बराच बाजार भरला, पण माझ्या मते मुळाशी पार्नास यांचाच विचार आहे, फक्त तो एका प्रोग्रॅमवरून अख्ख्या संस्थेला लावलेला.

या अभ्यासासाठी अमिराती ही विलक्षण जागा आहे. १९७१ मध्ये सहा अमिराती एकत्र आल्या, १९७२ च्या फेब्रुवारीत रास अल खैमा सातवी म्हणून आली. संघाची खाती वेगळी, प्रत्येक अमिरातीची वेगळी. दुबईत किंवा शारजात संसार थाटलेल्या मराठी माणसाला ही विभागणी पायांनी माहीत आहे. टायपिंग सेंटरमध्ये अर्ज अरबीत टाइप करून घ्यायचा, मेडिकल एकीकडे, एमिरेट्स आयडीसाठी बोटांचे ठसे दुसरीकडे, विझाचे काम तिसरीकडे. कंपनीचा पीआरओ फायली घेऊन या खिडकीवरून त्या खिडकीवर जाई. एका खात्याने दिलेला कागद दुसऱ्या खात्याला दाखवणे हेच त्याचे काम. दोन यंत्रणांना जोडणारा दुवा म्हणजे तो माणूस होता, आणि त्याची फेरी चुकली की माहितीचा प्रवास तिथेच थांबे.

हा प्रवास यंत्राने करायचा तर पहिला प्रश्न ओळखीचा येतो. नावावर विसंबता येत नाही. ‘मोहम्मद’ रोमन लिपीत अनेक तऱ्हांनी लिहिले जाते. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव यांचा क्रम एका कागदावर एक तर दुसऱ्यावर दुसराच. म्हणून एमिरेट्स आयडीच्या पंधरा अंकी क्रमांकाचे महत्त्व: सुरुवातीला देशाचा संकेतांक ७८४, मग जन्मवर्ष, मग सात अंक आणि शेवटी पडताळणीचा एक. २०१८ मध्ये आलेल्या यूएई पासने त्याला मोबाइलवरून ओळख पटवण्याची आणि सही करण्याची सोय जोडली.

पण ओळख जुळली म्हणजे खाती जुळली असे नाही. पत्ता कोणाचा खरा मानायचा: भाडेकराराच्या नोंदीतला, बँकेतला की विझाच्या अर्जातला? एका खात्याने ‘ही नोंद माझी, ती अचूक ठेवण्याची जबाबदारी माझी’ असे म्हणावे लागते आणि उरलेल्यांनी आपली प्रत सोडून द्यावी लागते. हे सोडून देणे फार जड जाते, कारण नोंदीबरोबर अधिकारही जातो. मोठ्या संस्थांतले असे प्रकल्प रखडतात ते बहुधा याच जागी, असे माझे ठाम मत आहे. मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्ये लिहिले होते, की संस्था जी यंत्रणा घडवते तिच्यात त्या संस्थेतल्या संवादाचीच रचना उमटते. जी दोन खाती एकमेकांशी बोलत नाहीत, त्यांचे सर्व्हरही बोलत नाहीत.

दुबईत ही कोंडी फोडायला वरून आलेला हुकूम कामी आला. २००१ मध्ये दुबईचे ई-सरकार सुरू झाले, आणि सुटीचे वार बदलण्याची घोषणा झाली त्याच डिसेंबर २०२१ मध्ये दुबईने आपला सरकारी कारभार पूर्ण कागदविरहित झाल्याचे जाहीर करून ३३ कोटी ६० लाख कागद वाचल्याचे सांगितले. २०२४ च्या ‘वर्क बंडल’ योजनेत कामगार परवाना, मेडिकल, निवास विझा आणि एमिरेट्स आयडी यांची कामे एका धाग्यात ओवली गेली. सरकारी आकड्यांनुसार पंधरा पायऱ्यांच्या पाच झाल्या, सोळा कागदांचे पाच, तीस दिवसांचे पाच. यांतला कागदांचा आकडा मला सर्वांत बोलका वाटतो. जे अकरा कागद गळले, ते सरकारनेच एका दाराने देऊन दुसऱ्या दाराने परत मागितलेले असणार.

हुकमाची ही सोय सगळीकडे नसते. महाराष्ट्रात २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा नागरिकाला ठरलेल्या मुदतीत सेवा मिळण्याचा हक्क देतो. खात्यांनी एकमेकांशी नोंदी कशा जुळवायच्या हे मात्र खात्यांनाच सोडवावे लागते. खासगी उद्योगसमूहात तर प्रत्येक विभागाचा वेगळा नफा-तोटा असतो, म्हणून तिथे आपली प्रत सोडून देणे आणखी जड जाते.

तंत्राचा इतिहास थोडक्यात सांगून पुढे जातो. २००० च्या सुमारास यंत्रणांमधल्या संदेशांची मांडणी ठरवणारे सोप (SOAP) आणि एक्सएमएल (XML) आले, मग सगळे संदेश एकाच मध्यवर्ती ‘बस’वरून नेण्याची लाट आली. वीस यंत्रणा एकमेकींना थेट जोडल्या तर १९० जोडण्या होतात, बसला जोडल्या तर वीसच. हिशेब बिनतोड होता. पण सगळे नियम हळूहळू त्या बसमध्येच साठू लागले आणि ती सांभाळणारा गट सगळ्यांची वाट अडवू लागला. २००९ च्या जानेवारीत विश्लेषक ॲन थॉमस मेन्स यांनी एसओए मेल्याचे जाहीर केले, सेवांची कल्पना मात्र जिवंत ठेवली. २०१४ मध्ये जेम्स लुइस आणि मार्टिन फाउलर यांच्या लेखाने मायक्रोसर्व्हिसेस, म्हणजे छोट्या, स्वतंत्रपणे बदलता येणाऱ्या सेवा, घरोघरी पोहोचवल्या. नवी नावे शिकावीतच. पण कोणतेही नवे नाव कानावर आले की त्यात नोंदीचा मालक कोण, हे आधी विचारावे.

इथे करण्यासारखे खूप काम पडून आहे आणि ते एकट्या प्रोग्रॅमरचे नाही. रजेचे नियम तोंडपाठ असलेला एचआरमधला कारकून, विझाच्या कामातल्या खाचाखोचा जाणणारा पीआरओ, बँकेत चेक क्लिअरिंग सांभाळलेली अधिकारी यांच्याकडे असलेले ज्ञान कोणत्याही मॅन्युअलमध्ये नाही आणि त्यांच्याविना सेवांचे करार बांधता येत नाहीत. त्या सर्वांचे या विषयात मनापासून स्वागत आहे. काही प्रश्न तर अजून मोकळेच आहेत. सगळ्यांच्या उपयोगी पडणाऱ्या सेवेचा खर्च कोणत्या विभागाच्या बजेटमधून जावा? एक खाते दुसऱ्याला नागरिकाची माहिती देते तेव्हा त्याची संमती कशी नोंदवावी, जेव्हा अमिरातीचा २०२१ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा संघीय कायदा सरकारी माहितीला लागूच होत नाही? आणि कराराची नवी आवृत्ती निघाल्यावर जुनी केव्हा बंद करावी, जेव्हा ती अजून वापरणाऱ्या एका शाखेत बदल करायला माणूसच उरलेला नाही?